दोन इंचांची पिन आणि चाळीस फुटांचं वळण

चिंचोटी नाक्यावर अहमदाबाद महामार्ग सोडून भिवंडीच्या दिशेला वळलं, की थोड्याच वेळात कामण लागतं. एका अंगाला तुंगारेश्वरचं जंगल आणि कामणदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईच्या खाडीकडे उतरत गेलेली सखल जमीन, आणि मधून हा रस्ता. पावसाळ्यात धबधब्यावर जाणारी पोरं याच रस्त्याने येतात, गाळ्यांत कामाला जाणारी माणसं याच्याच कडेने चालतात आणि त्या सगळ्यांना खेटून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जातात. गुजरातकडून न्हावा शेवा बंदराकडे, बंदराकडून भिवंडीच्या गोदामांकडे. घोडबंदर रस्त्याचं काम निघालं की अवजड गाड्या चिंचोटी, कामण, अंजूरफाटा अशा वळवल्या जातात. मग तर ही रांग तुटतच नाही.

एका सकाळी टपरीवर चहा घेत उभा होतो. समोरून आलेल्या चाळीस फुटी ट्रेलरला डावीकडच्या गाळ्यांच्या गल्लीत शिरायचं होतं. ड्रायव्हरने आधी गाडी उजवीकडे घेतली, इतकी की समोरून येणाऱ्यांचा सगळा रस्ता त्याने अडवला. मग स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं. केबिन गल्लीत वळली तरी कंटेनर अजून मुख्य रस्त्याच्याच रोखाने उभा. क्लिनर उतरून मागच्या डाव्या कोपऱ्याशी गेला आणि पत्र्यावर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' करत राहिला. कंटेनरचा पुढचा कोपरा केबिनच्या पाठीशी इतका जवळ आला, की आता काच फुटणार असं वाटलं. हातभर जागा उरली, आणि तिथून कोपरा पुन्हा लांब जाऊ लागला. मागे तीन आसांवरची चाकं जवळजवळ जागच्या जागी फिरली, रबर घासल्याचा वास आला, डांबरावर काळे पट्टे उठले. गाडी आत गेली.

ती गेल्यावर चहा थंड झाल्याचं कळलं. मनात एकच प्रश्न होता. पन्नास-पंचावन्न टनांचा हा पसारा मधोमध वाकतो, तो वाकतो कशावर?

उत्तर पोलादाच्या एका खुंटात आहे. त्याचं नाव किंगपिन. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली तो उलटा लोंबतो. त्याचा व्यास 2 इंच, म्हणजे 50.8 मिलिमीटर. लहान वाटीच्या तोंडाएवढाच. फार अवजड कामासाठी साडेतीन इंची पिनही असते, पण रस्त्यावर दिसणारे बहुतेक ट्रेलर या दोन इंचांवरच चालतात. ही पिन पुढच्या गाडीवरच्या एका जाड, ग्रीस फासलेल्या गोलसर तबकडीत अडकते. त्या तबकडीचं नाव फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक.

पुढच्या इंजिनवाल्या गाडीला आपल्याकडचे ड्रायव्हर 'घोडा' म्हणतात. हे नाव उगाच पडलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकात रेल्वेच्या मालधक्क्यावरून गल्लीबोळांत माल पोचवायला स्कॅमेल कंपनीची तीन चाकी छोटी गाडी आली होती. घोडागाडीची जागा घेणाऱ्या त्या गाडीला 'मेकॅनिकल हॉर्स' असंच नाव होतं. पाचवं चाक मात्र त्याहून जुनं आहे. ते खऱ्या घोड्याच्या काळातलं आहे.

टांग्याला दोनच चाकं. घोडा वळला की टांगा वळतो, प्रश्न मिटला. चार चाकांची बग्गी वळवायची तर पुढच्या दोन चाकांचा आख्खा आस फिरला पाहिजे. म्हणून पुढच्या आसाच्या मध्यावर एक खीळ आणि तिच्याभोवती लोखंडाची आडवी कडी बसवत. वरच्या बग्गीचा भार या कडीवर पसरायचा आणि खालचा आस तिच्यावर फिरायचा. जमिनीवर उभी चार चाकं, आणि हे आडवं झोपलेलं पाचवं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल, पुढची चाकं मागच्यांपेक्षा बरीच लहान असत. तो केवळ शोभेचा भाग नव्हता. वळताना पुढचं चाक बग्गीच्या पोटाखाली शिरायला हवं, मोठं असेल तर ते बग्गीलाच घासेल. वळायला जागा ठेवण्याचा जो प्रश्न कामणच्या ट्रेलरपुढे आहे, तोच कोचवानापुढेही होता, आणि चाक लहान करून तो सोडवलेला होता. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने व्हिक्टोरिया बंद करायचं ठरलं. पुढे त्या रस्त्यावरून गेल्या, पण त्यांच्या पोटाखालची ती कडी ट्रेलरच्या रूपाने आजही आपल्या शेजारून रोज जाते.

मोटारींनी मात्र हा मार्ग सोडला होता. आख्खा आस न फिरवता दोन्ही पुढची चाकं आपापल्या खिळीवर फिरवायची आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवायचं, ही रचना म्युनिकच्या गेओर्ग लँकेनश्पेर्गरने बसवली. 1818 साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमानने तिचं पेटंट घेतलं, म्हणून ती आकरमानच्या नावाने ओळखली जाते. दुचाकी आणि आपली रिक्षा सोडली तर रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी त्याच तत्त्वावर वळते. पण ओझं वाढत गेलं तसं एकाच ताठ गाडीवर ते मावेना, आणि पाचव्या चाकाची पुन्हा आठवण झाली. 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रूहाउफ या लोहाराकडे एक लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली होडी तलावापर्यंत न्यायची होती आणि ओढायला होती फोर्डची मॉडेल टी. फ्रूहाउफने मागे दोन चाकं आणि पुढे मोटारीवर टेकणारा भाग असलेली गाडी बनवली आणि तिला 'सेमी-ट्रेलर' म्हटलं. सेमी, म्हणजे अर्धा. कारण तो स्वतःच्या चाकांवर अर्धाच उभा असतो. उरलेला भार पुढच्याच्या पाठीवर.

हा पाठीवरचा भार किती, ते एकदा मांडून बघण्यासारखं आहे. 2018 साली केंद्र सरकारने आसांच्या भाराची मर्यादा वाढवली. त्यानुसार दोन टायरच्या पुढच्या वळत्या आसावर 7 टन, मागच्या जोड आसांवर 21 टन आणि ट्रेलरच्या तीन आसांवर 27 टन चालतात. बेरीज 55 टन. घोडा स्वतः 10 टनांच्या आसपास असेल, तर त्याच्या आसांवरच्या 28 टनांपैकी साधारण 18 टन हे ट्रेलरने पाठीवर टेकवलेलं ओझं असतं. हे सगळं त्या ग्रीस लावलेल्या तबकडीवर येतं. पिन मात्र वजन पेलत नाही. पिन ओढ सोसते, ब्रेक लावला की मागून येणारा धक्का सोसते, आणि वळणाचा मध्यबिंदू होते. कामं अशी वाटून दिलेली आहेत, म्हणूनच दोन इंचांत भागतं.

यासारखंच काहीतरी कामण रोड स्टेशनवरही बघायला मिळतं. वसई रोड ते दिवा मार्गावरच्या गाडीचा डबा थेट चाकांवर बसलेला नसतो. तो दोन बोगींवर, म्हणजे चाकांच्या दोन छोट्या गाड्यांवर, टेकलेला असतो आणि प्रत्येक बोगी मधल्या खुंटाभोवती फिरते. रूळ वळतो तशी बोगी वळते, डबा ताठच राहतो. रुळांवरचा खुंट आणि रस्त्यावरची पिन ही एकाच घरातली भावंडं म्हणावीत.

घोडा आणि ट्रेलर जोडताना जवळून बघावं. सुटा ट्रेलर पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा असतो. ड्रायव्हर घोडा सरळ रेषेत मागे घेतो. तबकडीला मागच्या बाजूला खाच असते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि ती किंचित मागे झुकलेली असते. ट्रेलरची पुढची पाटी तबकडीच्या कडेवर चढते, सरकत वर येते आणि पिन खाचेतून आत शिरते. मग 'खट्' असा आवाज येतो. आतले जबडे पिनेच्या बारीक गळ्याभोवती मिटलेले असतात. शहाणा ड्रायव्हर या आवाजावर विसंबत नाही. तो बॅटरी घेऊन खाली वाकतो आणि तीन गोष्टी बघतो. तबकडी आणि ट्रेलरची पाटी यांच्यात उजेड दिसता कामा नये. जबडा पिनेच्या गळ्यामागे बंद झालेला हवा. लॉकचा दांडा पुरता आत गेलेला हवा. ट्रेलर जरा जास्त उंच उभा असेल तर पिन जबड्यात न जाता वरच राहते, जोडल्यासारखी दिसते, आणि पहिल्या चढावर ट्रेलर घसरून मागे राहतो. म्हणून ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून घोड्याला पुढे हलकी ओढ देऊन बघतात. मगच हवेच्या नळ्या लावायच्या. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीला हवा, पिवळीतून ब्रेकचा हुकूम. लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. सर्वांत शेवटी ते दोन पाय वर घ्यायचे.

पिन झिजते. 50.8 मिलिमीटरची झिजून 49 वर आली की बदलायची, म्हणजे दोन मिलिमीटरचीसुद्धा मुभा नाही. तबकडीला ग्रीस नसेल तर पोलादावर पोलाद घासतं आणि घोडा वळायला कुरकुरतो. ओल्या रस्त्यावर तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. शिवाय तबकडी पुढे-मागे झुकते, पण आजूबाजूला झुकत नाही. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा पीळ घोडा आणि ट्रेलर दोघांनाही सोसावा लागतो. कामणच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर जे खड्डे असतात, त्यांचा हिशेब शेवटी या जोडावर निघतो.

आता मुख्य मुद्दा. पिन कुठे बसवायची? माझ्या मते ट्रेलरची निम्मी विद्या या एका प्रश्नात आहे, कारण पिनेची जागा ठरली की दोन मोकळ्या जागा ठरतात: केबिन आणि कंटेनर यांच्यातली, आणि मागची चाकं व वळणाचा आतला कोपरा यांच्यातली.

पहिली जागा घेऊ. घोड्यावर तबकडी मागच्या आसाच्या बरोबर वर नसते, थोडी पुढे असते. ती फार मागे गेली तर ओझ्याने गाडीचं तोंड उचलतं आणि पुढच्या चाकांची पकड जाते. फार पुढे गेली तर पुढच्या आसावर भार वाढतो आणि कंटेनर केबिनला भिडतो. समजा, पिनेपासून केबिनच्या पाठीपर्यंत 2.1 मीटर आहेत आणि ट्रेलरचं नाक पिनेच्या पुढे 1.2 मीटर आलेलं आहे. गाडी सरळ असताना मधे 90 सेंटिमीटर, माणूस आरामात उभा राहील इतकी जागा. पण कंटेनरची रुंदी 2.438 मीटर, म्हणजे अर्धी 1.219. पिनेपासून नाकाच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर पायथागोरसने काढलं तर 1.71 मीटर येतं. गाडी 45 अंशांत वळली की हा कोपरा बरोबर केबिनच्या रोखाने येतो आणि 90 सेंटिमीटरचे 39 उरतात. टपरीवरून मी जी हातभर जागा बघितली ती हीच होती, आणि त्यापुढे वळत गेल्यावर कोपरा दूर का गेला तेही यातूनच कळतं. सर्वांत धोक्याची जागा पूर्ण वळणात नसते, अर्ध्या वळणात असते. युरोपच्या नियमात पिनेपासून ट्रेलरच्या नाकाचा कोणताही बिंदू 2.04 मीटरपेक्षा लांब असू नये असं लिहिलेलं आहे. तो आकडा या कोपऱ्यासाठीच आहे. कोणत्याही कंपनीचा घोडा कोणत्याही कंपनीच्या ट्रेलरला जोडता यावा आणि काच फुटू नये, म्हणून.

अमेरिकेत हाच प्रश्न घरगुती रूपात भेटतो. तिथे लोक पिकअपच्या हौद्यात छोटं पाचवं चाक बसवतात आणि सुट्टीत राहायची घरासारखी गाडी ओढत नेतात. आपल्या बोलेरो पिकअपच्या किंवा टाटा योद्धाच्या हौद्यात असं काही पाहायला मिळत नाही. तिथले पिकअप आकाराने फार मोठे. पिन मागच्या आसाच्या वर किंवा जरा पुढे. हौदा 8 फुटी असेल तर केबिनपर्यंत पुरेशी जागा मिळते. साडेसहा फुटी असेल तर दीड फूट कमी होतो, आणि तो कमी होतो नेमका आस आणि केबिन यांच्यातून. मागची गाडी 8 फूट रुंद, म्हणजे पिनेपासून तिची कड 4 फुटांवर. काटकोनात वळताना ती कड केबिनच्या कोपऱ्याला लागते आणि मागची काच जाते. त्यावर दोन उपाय निघाले. एक, गाडीच्या नाकाचे कोपरे गोल कापायचे. दुसरा, सरकतं पाचवं चाक. रस्त्यावर पिन आसावर, आणि अंगणात वळवताना ती फूटभर मागे. काही रचनांमध्ये तर गाडी वळू लागली की तबकडी आपणहून मागे सरकते आणि सरळ झाली की पुढे येते.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची, कारण तिथे माणसं असतात. ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेवरून जात नाहीत. ती नेहमी आतून जातात. याचाही हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. पिन 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते आहे आणि पिनेपासून मागच्या आसांच्या मध्यापर्यंत 5 मीटर आहेत, असा वीस फुटी ट्रेलर घ्या. मागची चाकं 10.9 मीटरच्या वर्तुळात फिरतील, म्हणजे 1.1 मीटर आतून. चाळीस फुटीला हे अंतर 8 मीटर धरा. मागची चाकं 8.94 मीटरवर येतात, 3 मीटर आतून. आणखी एक मीटर वाढवून 9 केलंत तर 4 मीटर आतून. लांबी एक मीटरने वाढली आणि वळणाचं खाणंही एक मीटरने वाढलं! हे पूर्ण वर्तुळाचं गणित आहे, काटकोनी वळण लवकर संपतं म्हणून तिथे थोडं कमी पडतं, पण रोख तोच. पिनेचं वर्तुळ 8 मीटरवर आलं, की गणिताने मागची त्रिज्या शून्य होते. चाकं जागच्या जागी फिरतात. डांबरावरचे ते काळे पट्टे म्हणजे ही शून्य त्रिज्या.

म्हणून ड्रायव्हर डावीकडे जायला आधी उजवीकडे येतो. त्यात अरेरावी नाही. तो मागच्या चाकांसाठी ते तीन मीटर विकत घेत असतो. युरोपात अशा गाडीला बाहेरून 12.5 मीटर आणि आतून 5.3 मीटर त्रिज्येच्या पट्ट्यात वळता आलंच पाहिजे असा दंडक आहे. म्हणजे वळताना तिला 7.2 मीटर रुंद रस्ता लागतो. कामणच्या गाळ्यांच्या गल्ल्यांची तोंडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी मनातल्या मनात मोजून बघावं.

मागे घेताना तर सगळं उलटं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते, आणि वेळेत उलट फिरवलं नाही तर जोड मिटत मिटत चाकूसारखा घडी होतो. भरधाव गाडीच्या घोड्याची मागची चाकं ब्रेक मारल्यावर जाम झाली, तरी हेच घडतं. चाळीस फुटी कंटेनर उलटा चालवत गोदामाच्या फलाटाला नेमका टेकवणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगी जे कौशल्य असतं, त्याचं मोल आपण फारच कमी लावतो.

या कंटेनरला पाया मिळाला तो 26 एप्रिल 1956 रोजी. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाचं 'आयडियल एक्स' जहाज त्या दिवशी 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. ट्रकचा माल उतरवण्याऐवजी ट्रकची पेटीच उचलावी, हा त्याचा विचार. न्हावा शेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि या पेट्यांचा ओघ आपल्या रस्त्यांवर आला. पेटीच्या चार कोपऱ्यांना फिरत्या लॉकने ट्रेलर धरतो, ट्रेलरला एका पिनेने घोडा धरतो. जहाज आणि क्रेन सोडली तर शांघायपासून भिवंडीपर्यंतचा सगळा व्यवहार या पाच जोडांवर उभा आहे.

हे जोड कसे वळतात ते समजलं की रस्त्याकडे बघायची नजर बदलते. गाळे बांधणाऱ्याने फाटकाचा खांब दीड मीटर आत घेतला आणि नाक्याचा कोपरा गोल केला, तर मागचं चाक गटारात जाणार नाही आणि अर्धा तास रस्ता तुंबणार नाही. पंचायतीपासून महापालिकेपर्यंत जे कुणी वळणाची आखणी करतात, त्यांनी ती सर्वांत लांब गाडी डोळ्यापुढे ठेवून करावी.

आणि दुचाकीवाल्यांना एक विनंती. ट्रेलर उजवीकडे सरकला आणि त्याचा डावा सिग्नल लुकलुकतोय, तर डाव्या बाजूला जी मोकळी जागा दिसते ती मोकळी नाही. काही क्षणांत तिथे मागची चाकं येणार आहेत. ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि वळताना त्याच्या डाव्या आरशात कंटेनरचा पत्राच दिसतो, तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, त्याला वळू द्या. कामणच्या त्या गल्लीत ट्रेलर शिरायला तीन-चार मिनिटं लागतात.